दारात ‘नाही’ म्हणणाऱ्या पोराचे पैसे कोण देणार?

दारू घरपोच द्यावी की नाही हा विषय आपल्याकडे दर काही वर्षांनी उसळी मारतो. २०१८ च्या ऑक्टोबरात तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री चंद्रशेखर बावनकुळे बोलले की ऑनलाइन दारू घरपोच द्यायचा विचार आहे, लोक पिऊन गाडी चालवतात ते कमी होईल, आणि लगेच एवढा गदारोळ उठला की असा काही निर्णय झालेलाच नाही असं सरकारला सांगावं लागलं. त्याला दोन वर्षं पण झाली नव्हती, कोरोना आला, आणि तीच गोष्ट १५ मे २०२० पासून राज्यात तात्पुरती का होईना, रीतसर सुरू झाली. तेव्हा कोणी फार विरोध केला नाही कारण ४ मे ला वाइन शॉप उघडली तेव्हाच्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्या होत्या, मुंबईत तर दोन दिवसांत दुकानं परत बंद करावी लागली, आणि ८ मे ला सुप्रीम कोर्टाने पण राज्यांना सुचवलं की घरपोच विक्रीचा विचार करा. म्हणजे २०१८ ला कोणी नीट चर्चा करू दिली नाही आणि २०२० ला चर्चेला वेळच नव्हता.

आता परत ती वेळ येईल असं मला वाटतं. जून २०२५ मध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचार पट केलं, त्या सगळ्या निर्णयांतून वर्षाला १४ हजार कोटी जास्त मिळतील असा तेव्हाचा अंदाज होता, तिजोरीला हा पैसा हवाय हे उघड आहे. पश्चिम बंगाल, ओडिशा इथे अ‍ॅपवरून दारू घरी आलेली आहे. कांदे, दूध, चार्जर दहा मिनिटांत आणून देणाऱ्या कंपन्यांना बाटली पण आणून द्यायची आहेच. एक दिवस कॅबिनेटच्या बैठकीत होऊन जाईल आणि आपण दुसऱ्या दिवशी पेपरात वाचू.

दारू चांगली की वाईट यावर मला इथे बोलायचं नाहीये. मी दारूबंदीवाली पण नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे अ‍ॅपवाल्यांमार्फत सुरू झालं तर दारात उभा राहिलेला रायडर ‘सॉरी, देता येणार नाही’ असं म्हणू शकला पाहिजे, आणि तसं म्हटल्यामुळे त्याचा एक रुपया पण जाता कामा नये. हे नियमात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बाकी कितीही अटी घाला, त्या पाळल्या जाणार नाहीत.

२०२० च्या आदेशात काय होतं ते आधी बघू, कारण तो घाईत काढलेला असला तरी त्यात एक गोष्ट बरोबर होती. माल द्यायचा तो लायसन्सवाल्या दुकानदाराने, फक्त दारूचं परमिट असलेल्याला, फक्त त्याच्या घरच्या पत्त्यावर. देशी दारू त्यात नव्हती. एका दुकानाला जास्तीत जास्त १० डिलिव्हरीवाले, आणि एकाने एका वेळेला २४ च्या वर बाटल्या न्यायच्या नाहीत. म्हणजे पोरगा दुकानाचा, बाटली दुकानाची, आणि काही चुकलं तर लायसन्स पण दुकानाचंच जाणार. वाइन शॉपचं लायसन्स म्हणजे काय चीज आहे हे माहिती असेलच, राज्यात वर्षानुवर्षं नवीन लायसन्सच दिलेली नाहीत, जुनी हातोहात फिरतात ती कोट्यवधीला. ते घालवायची कोणाची हिंमत होत नाही. त्यामुळे त्या मालकाला भीती असते आणि ती भीती थेट त्याच्या पोरापर्यंत पोचते.

मध्ये अ‍ॅप आलं की ही साखळी तुटते. दुकानदार म्हणणार मी अ‍ॅपच्या माणसाच्या ताब्यात सीलबंद बाटली दिली, माझं काम संपलं. अ‍ॅप म्हणणार आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, विक्रेता दुकानदार आहे आणि रायडर आमचा नोकर नाही, तो पार्टनर आहे. मग उरला कोण? बाइकवरचा तो पोरगा. आणि महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात (१९४९ चा मुंबईचा कायदा तोच आपला) दारूची विनापरवाना वाहतूक हा गुन्हा आहे, त्यात पोलिसांनी नाक्यावर अडवलं तर गाडी त्याचीच जप्त होणार. कंपनीचं हेल्पलाइन चॅट त्याला सोडवायला चौकीत येणार आहे का?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा मुलगा फूड डिलिव्हरी करतो, वीस वर्षांचा आहे, त्याला मी मुद्दाम विचारलं की उद्या बाटली पोचवायची ऑर्डर आली आणि दार एखाद्या कॉलेजच्या पोराने उघडलं तर तू काय करशील. तो म्हणाला, “देणार काकू. परत आणली तर कोण घेणार? टाइम माझा जातो, पेट्रोल माझं जातं, आणि त्याने तिकडे एक स्टार दिला तर माझ्या अ‍ॅपच्या आयडीवर येतं.” मी म्हटलं अरे पण तो सतरा-अठराचा असेल तर? तर म्हणाला, “मग मी तरी कुठे पंचवीसचा आहे?”

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ पूर्ण लागतात आणि कडक दारूला २५. आता रस्त्यावर जे रायडर दिसतात त्यातले कितीतरी पंचवीसच्या आतले दिसतात. ज्या मुलाला स्वतः कायद्याने व्हिस्कीची क्वार्टर विकत घेता येत नाही त्याने चाळिशीच्या, आधीच दोन पेग झालेल्या माणसाला रात्री साडेदहाला फ्लॅटच्या दारात सांगायचं की साहेब तुम्ही जास्त घेतलेली दिसते, मी बाटली परत नेतो. तो साहेब काय करेल याचा विचार करा. शिव्या तर नक्की, वर हात पण उचलेल. आणि रायडर मुलगी असेल तर? मुली पण करतात हे काम आता. हे सगळं एकट्याने झेलून, पेट्रोल घालून बाटली दुकानात परत न्यायची आणि त्या फेरीचे पैसे शून्य, अशी व्यवस्था असेल तर कोणता शहाणा माणूस ‘नाही’ म्हणेल? मी पण म्हटलं नसतं.

अ‍ॅपवाले यावर म्हणतात की आमच्याकडे टेक्नॉलॉजी आहे. मे २०२० मध्ये रांचीत स्विगीने दारू द्यायला सुरुवात केली तेव्हा सरकारी आयडी अपलोड करा, सेल्फी काढा, दोन्ही चेहरे जुळले तर अकाउंट पास, आणि दारात ओटीपी सांगा अशी पद्धत होती. ऑर्डर करताना हे ठीक आहे, काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. पण ओटीपी फोनवर येतो आणि फोन घरात कोणाच्याही हातात असतो. बाबांचा फोन सोफ्यावर पडलेला असतो, त्याचं लॉक मुलांना पाठ असतं, यूपीआयचा पिन पण पाठ असतो. बाबांची आयडी, बाबांची सेल्फी कधीच मंजूर झालेली, ओटीपी पण बरोबर, आणि दारात मुलगा. मशीनच्या हिशोबाने हा एकदम व्यवस्थित व्यवहार झाला. हातात बाटली देणाऱ्याने चेहरा बघून आयडी मागितली तरच हे थांबतं, दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

आणि आपल्याकडे तर परमिट नावाची वस्तू आधीपासून आहे! दारू प्यायचं परमिट, एक दिवसाचं ५ रुपयांत, वर्षाचं १०० रुपयांत, आयुष्यभराचं १००० रुपयांत, भारतात किती राज्यांत असं काही आहे? कायद्याने ते नसेल तर बाटली विकत पण घ्यायची नाही आणि प्यायची पण नाही. पण वाइन शॉपच्या जाळीतून कोणी परमिट मागितलेलं मी कधी बघितलेलं नाही, ‘काय पाहिजे’ आणि ‘सुट्टे द्या’ एवढंच बोलणं होतं. हेच परमिट नीट डिजिटल केलं, त्यात फोटो आणि वय असलं, आणि दारात क्यूआर स्कॅन झाल्याशिवाय ऑर्डर पूर्ण होणारच नाही असं केलं तर रायडरला वाद घालावा लागणार नाही, ‘मशीन घेत नाही हो’ म्हणता येईल. २०२० मध्ये पुण्यात रांगा कमी करायला ई-टोकन काढलं होतं की उत्पादन शुल्क खात्याने, म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं.

वय तपासण्याचं मी एवढं का लावून धरलंय ते पुण्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर, पोर्शे गाडी, सतरा वर्षांचा मुलगा, आणि दोन तरुण इंजिनिअर जिवानिशी गेले. अल्पवयीनाला दारू दिल्याच्या आरोपावरून बारच्या मालक-मॅनेजरांना अटक झाली. ते बार होते, तिथे लायसन्स होतं, मॅनेजर होता, वेटर होते, सीसीटीव्ही होते. एवढी माणसं आणि एवढे कॅमेरे असताना जे झालं नाही ते तिसऱ्या मजल्यावरच्या बंद लिफ्टसमोर एकटा उभा असलेला, पुढच्या ऑर्डरची रिंग वाजत असलेला मुलगा करेल अशी अपेक्षा ठेवायची असेल तर त्याच्या पाठीशी काहीतरी भक्कम उभं करावं लागेल.

हे जगात कोणी केलंय का, तर केलंय. माझी मावसबहीण सिडनीत असते, तिचा मुलगा शिकता शिकता डिलिव्हरीची कामं करतो, तिच्याकडून पहिल्यांदा ऐकलं आणि मग मी शोधून वाचलं. न्यू साउथ वेल्सने (सिडनी ज्या राज्यात आहे ते) २०२० मध्ये कायदा बदलला आणि २०२१ पासून त्याच दिवशी घरपोच मिळणाऱ्या दारूसाठी वेगळे नियम आणले. तिथे वय १८ आहे. ऑर्डर देताना वय तपासायचं, दारात प्रत्यक्ष माणसाच्या हातात द्यायचं, दाराशी ठेवून निघून जायचं नाही, समोरचा नशेत असेल तर द्यायचं नाही. रात्री १२ नंतर बंद, रविवारी ११ लाच. डिलिव्हरी करणाऱ्याला आधी ट्रेनिंग घ्यावं लागतं. हे सगळं कुठेही सुचेल असं आहे, पण मला आवडली ती पुढची गोष्ट, की कायद्यानुसार देता येत नाही म्हणून रायडरने ऑर्डर परत नेली तर त्याचे पैसे कापायचे नाहीत, असं थेट कायद्यात घातलंय. कोणीतरी बसून विचार केलेला दिसतो की हा नियम प्रत्यक्षात कोण पाळणार आहे आणि त्याच्या खिशात काय चाललेलं असतं.

आपल्याकडे रायडरच्या बाजूने कायद्यात आत्ता कुठे काहीतरी यायला लागलंय. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग वर्कर (म्हणजे रायडरसारखी पगारी नोकरी नसलेली, कामागणिक पैसे मिळणारी माणसं) हा शब्द २०२० लाच आला पण ती लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यात सुद्धा विमा, निधी वगैरे आहे, एका फेरीचा दर कसा ठरतो, परतीच्या फेरीचं काय, यावर काही नाही. त्यामुळे घरपोच दारूचा नियम करताना फेरीचा दर त्याच नियमात लिहावा लागेल, कामगार खातं बघेल म्हणून सोडून चालणार नाही. परतीच्या फेरीला जाण्याइतकाच दर, ‘दिली नाही’ या कारणावरून आलेलं रेटिंग मोजायचं नाही, आणि बाटल्या नेण्यासाठी २०२० सारखंच बंधन, म्हणजे ठराविक नोंदणी झालेलीच माणसं, ती पण २५ च्या वरची, ओळखपत्र असलेली, ज्यांना नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर दाखवायला कागद आहे. आणि ज्याला हे काम नको त्याने ऑर्डर नाकारली तर त्याच्या इन्सेंटिव्हला धक्का लागू नये. कोणी माळकरी असेल, कोणाच्या घरात बापाने दारूपायी वाट लावलेली असेल, त्याला बाटली पोचवायला लावायची का?

आता दुसरी बाजू, जी मला शहरात बसून आधी दिसली नव्हती, माझ्या सासरच्या गावाकडे गेल्यावर बोलण्यात आली. आपल्या राज्यात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या चौथा हिस्सा मतदारांनी किंवा बायकांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. लक्षात घ्या, पडलेल्या मतांच्या निम्मी नाही, यादीच्या निम्मी. ज्या बायका शेतात मजुरीला जातात, ज्यांना नवऱ्याचा मार बसतो, त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा करायच्या, तहसीलला खेपा घालायच्या, दुकानदाराच्या माणसांच्या धमक्या ऐकायच्या आणि मतदानाच्या दिवशी एवढ्या जणींना घराबाहेर काढायचं, हे सोपं नाहीये. आणि एवढं करून बंद पाडलेलं दुकान शेजारच्या गावातून बाइकवरून परत घरात येणार असेल तर त्या मतदानाला काय अर्थ राहिला? शाळा-देवळापासून दुकान इतक्या मीटरवर, हायवेपासून ५०० मीटर (सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१६ चा निकाल, २०१७ मध्ये त्यात काही सूट मिळाली), हे सगळे नियम दुकान कुठे आहे यावर चालतात. डिलिव्हरीला जागाच नसते. म्हणून जिथे आडवी बाटली जिंकली त्या गावाचा, त्या वॉर्डाचा नकाशाच अ‍ॅपमधून बंद पाहिजे, वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे तर पूर्णच. त्याची यादी कलेक्टर ऑफिसने द्यायची आणि कंपनीने पाळायची, न पाळल्यास दंड कंपनीला. हे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही, या कंपन्यांना कोणत्या गल्लीत पाऊस पडतोय म्हणून जास्त चार्ज लावायचा ते बरोबर कळतं.

आणि जे सोडायचा प्रयत्न करताहेत त्यांचं काय? माझा एक चुलत भाऊ मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावर अजूनही ऑफिसमधून येताना दोन सिग्नल लांबचा रस्ता घेतो, कारण सरळ रस्त्यावर त्याचं नेहमीचं दुकान आहे. तो म्हणतो तलफ येते तशी जाते, मधला वेळ काढायचा असतो. रात्री दुकान बंद असणं, पाऊस असणं, चपला घालून खाली उतरायचा कंटाळा येणं, यातला प्रत्येक अडथळा त्याच्या बाजूने लढत असतो आणि दहा मिनिटांत घरपोच म्हणजे हे सगळे अडथळे एका झटक्यात काढून टाकणं. ज्या अ‍ॅपवर तो मुलीसाठी दूध-बिस्किटं मागवतो त्याच अ‍ॅपवर बाटलीचं बॅनर येणार, वीकेंडला नोटिफिकेशन येणार. म्हणून दारूसाठी वेगळं अ‍ॅप असावं, किराण्याच्या अ‍ॅपमध्ये ते दिसताच कामा नये, नोटिफिकेशनला पूर्ण बंदी, आणि ‘माझ्या नंबरवर, माझ्या परमिटवर दारू देऊ नका’ असं स्वतःहून सांगायची सोय, जी सगळ्या कंपन्यांना एकदम लागू होईल आणि एका क्लिकवर परत चालू करता येणार नाही. न्यू साउथ वेल्समध्ये स्वतःला असं बंद करून घेता येतं. आपल्याकडे परमिट एकच असल्यामुळे हे उलट जास्त सोपं पडेल.

घरपोचच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं काही मला पटतं. पिऊन, संपली म्हणून परत गाडी काढून आणायला जाणारे लोक आहेत, ते घरात बसले तर चांगलंच आहे. बाईमाणसाला वाइन शॉपच्या गर्दीत उभं राहायला नको वाटतं, सगळे वळून बघतात, तिला तिच्या पैशाची वाइन घरी मागवावीशी वाटली तर त्यात गैर काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर बंदी असूनही डिलिव्हरी चालूच आहे, ओळखीच्या दुकानाला फोन केला की पोऱ्या काळ्या पिशवीत आणून देतो, ना परमिट, ना बिल, ना वय. नाहीतर लोक नेटवर वाइन शॉपचा नंबर शोधतात, तो भामट्याचा निघतो आणि खात्यातले पैसे जातात, लॉकडाऊनमध्ये अशा किती बातम्या आल्या. त्यामुळे नियम करून उघडपणे सुरू करायला माझा विरोध नाही, अर्धवट नियमाला आहे.

एका गोष्टीवर मात्र मला अजून उत्तर सापडलेलं नाही. दिल्लीने २०२१ मध्ये नियम केले त्यात हॉस्टेल, ऑफिस आणि संस्थांच्या पत्त्यावर दारू द्यायची नाही असं होतं. पुण्यात हे कसं करणार? इथे कर्वेनगरपासून वाकडपर्यंत साध्या बिल्डिंगमधले टू बीएचके पीजी म्हणून चालतात, एका फ्लॅटमध्ये सहा-सहा पोरं, कागदावर तो घरच्या मालकाचा निवासी पत्ता असतो. शिवाय सोसायट्यांमध्ये पार्सल गेटवर वॉचमनकाकांकडे ठेवून जायची सवय लागलीये, म्हणजे बाटली कोणाच्या हातात गेली हे कळणारच नाही. गेटवर ठेवायला बंदी घालता येईल, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तो विषय मांडणार पण आहे. पण पीजीचा पत्ता कोणत्याच यादीत येणार नाही. तिथे दार उघडल्यावर आत सहा जोडी फ्लोटर, गाद्या आणि मिसरूड फुटलेली चार पोरं बसलेली आहेत हे फक्त बाटली घेऊन आलेल्यालाच दिसणार, आणि तिथून मागे फिरायचे त्याला किती रुपये मिळणार ते नियमात आकड्यात लिहिलेलं पाहिजे.